भुरकाबाईंचा पुरा कप

आमच्या आत्यानं चहाचा भुरका मारला की शेजारच्या खोलीतली माणसं बोलायची थांबतात. नवा माणूस असेल तर घाबरतो. जुने लोक एकमेकांकडे बघून म्हणतात, "लागल्या भुरकाबाई कामाला." हे नाव तिला कारखान्यातल्या मिश्रण खोलीतल्या बायकांनी ठेवलं आहे आणि तिला ते माहीत आहे. लाजायचं तर सोडाच, एकदा तिनं मलाच सुनावलं होतं, "भुरका नीट मारता येणं हेही शिक्षण आहे. तुला येत नाही म्हणून तू खाली पाकिटं चिकटवतेस."

मी तिची भाची, म्हणजे तिच्या भावाची मुलगी, आणि खरंच खाली पाकिटं चिकटवते. कारखाना छोटा आहे. बाहेरून साधी चहापत्ती येते आणि आमच्याकडे तिला स्वाद चढवतात. कुठल्या चहाला संत्र्याची साल नि दालचिनी, कुठल्याला पुदिना, कुठल्याला गुलाब. पत्ती एका मोठ्या फिरत्या पिंपात टाकतात, वरून स्वादाचं तेल फवारतात, सालीचे तुकडे मिसळतात आणि मग ते सगळं डब्यात बंद करून मुरू देतात. मुरलेल्या प्रत्येक डब्यातला नमुना जिना चढून वर आत्याकडे जातो. तिनं मान हलवली तर माल बाहेर पडतो, नाही तर पुन्हा पिंपात.

वरची ती खोली म्हणजे आत्याचं राज्य. एक लांब पांढरं टेबल, त्यावर झाकणवाल्या पांढऱ्या कपांची रांग आणि बाजूला चाकांवर फिरणारी कमरेइतकी उंच पिकदाणी. आत्या चमचाभर चहा घेते, भुर्रकन ओढते, तोंडात घोळवते, थुंकते आणि पुढच्या कपाकडे सरकते. सौम्य चहा आधी, पुदिना सगळ्यांत शेवटी, कारण पुदिना एकदा जिभेवर बसला की दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही. त्या खोलीत अत्तर लावून यायचं नाही, जेवणात कांदा खाऊन यायचं नाही. एकदा धाकट्या मालकांनी हौसेनं दरवाजाला रंग लावला, तर आत्यानं दरवाजाच बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात ठेवायला लावला. वास जाईपर्यंत खोली बिनदरवाज्याची होती. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच, असं धाकटे मालक तेव्हा म्हणाले, पण हळूच.

नोकरीसाठी मी आत्याकडेच राहते, त्यामुळे घरातला प्रकारही मला ठाऊक आहे. घरी आत्या चहाला शिवत नाही, नुसतं गरम पाणी पिते. "जिभेला सुट्टी नको का?" असं तिचं म्हणणं. चहा घरात एकटे आतोबा पितात. त्यांचं कोपऱ्यावर किल्ल्या करून देण्याचं, कुलुपं दुरुस्त करण्याचं दुकान आहे. दिवसभर बारीक कानशीनं पितळ घासायचं आणि गिऱ्हाईक बोलेल तेवढं ऐकून घ्यायचं, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा स्वभाव. रोज सकाळी आत्या त्यांच्यापुढे संत्रा-दालचिनीचा एक मोठा कप ठेवते. हा चहा तिनं स्वतः बसवलेला, तिचा पहिला. कप ठेवून ती बूट घालायला जाते आणि तिथूनच विचारते, "कसा झालाय?"

"छान," आतोबा म्हणतात.

इतक्या वर्षांत यात एका अक्षराचाही फरक पडलेला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रुंद पानांचं झाड आहे, त्यानं अर्धी खिडकी झाकून टाकली आहे. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करतो आणि आत्या ते कौतुक बिनदिक्कत स्वतःकडे घेते. "माझ्या हाताला गुण आहे," ती म्हणते. आतोबा तेव्हा चष्मा पुसत असतात.

तर एके दिवशी धाकटे मालक वरच्या खोलीत आले. ते लहानपणी याच खोलीत टेबलाखाली खेळलेले, त्यामुळे आत्यापुढे ते मालक वाटत नाहीत आणि ते त्यांनाही कळतं. मी नवीन पाकिटं दाखवायला वर गेले होते. मालकांच्या हातात दोन तपकिरी बाटल्या होत्या.

"बाई, दुकानदारांची तक्रार आहे," ते म्हणाले. "संत्रा-दालचिनीचं पहिलं पाकीट हातोहात खपतं. वास घेतला की लोक घेतातच. पण तेच गिऱ्हाईक दुसरं पाकीट न्यायला येत नाही."

"दुकानदार डबे उघडे ठेवत असतील."

"सगळेच? बाई, स्पष्ट बोलतो. हा बाहेरचा तयार अर्क आहे. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं आहे, यंत्र आपोआप फवारतं, चव बघायची गरजच नाही. पुढच्या महिन्यात दुकानांच्या साखळीकडून खरेदीच्या मॅडम येणार आहेत. त्यांच्यापुढे तुमचा चहा ठेवू आणि हाही ठेवू. त्या जो निवडतील तो चालवायचा. अर्काचा निवडला, तर ही खोली मला मालाच्या कोठारासाठी लागेल. तुम्हीही खूप केलंत, थोडा आराम करा."

"आराम मी झोपेत करते," आत्या म्हणाली. "मॅडमना येऊ द्या."

मालक गेले आणि माझी पाकिटं दाखवायची राहूनच गेली. आत्या मात्र पुढचा चमचा उचलून मोकळी झाली. तिला स्वतःविषयी शंका म्हणून येत नाही. ही गोष्ट मला तिच्यात सगळ्यांत जास्त आवडते आणि सगळ्यांत जास्त रागही तिचाच येतो.

तिनं ठरवलं की अर्काला अर्कानंच मात द्यायची. संत्र्याचं तेल वाढवलं, दालचिनीची पूड वाढवली. मिश्रण खोलीतल्या बायका शिंकून शिंकून बेजार झाल्या. घरी आल्यावर माझ्या केसांना संत्र्याचा वास, पोळीलाही संत्र्याचा वास. "आत्या, अति तिथं माती," मी एकदा म्हणून बघितलं.

"तू चमचा घेऊन बघ आणि मग बोल."

मी घेऊन बघितला. आता खोटं कशाला बोलू, चमचाभर चहा अप्रतिम होता. सोललेलं संत्रं कोणीतरी नाकासमोर धरावं तसा. मी तो पिकदाणीत थुंकून टाकला. आत्या "अस्सं" म्हणाली आणि पुढच्या कपाकडे वळली. आतोबांपुढचा सकाळचा कपही आता या नव्या चहाचाच असे आणि आतोबा "छान" म्हणत.

मग ती सकाळ आली. आम्ही दोघी घरातून निघालो, जिना उतरलो आणि खाली आल्यावर आत्याच्या लक्षात आलं की वरच्या खोलीची किल्ली घरीच राहिली. किल्लीवाल्याच्या बायकोनं किल्ली विसरावी, यावर मी काहीतरी टोमणा मारला आणि हसत हसतच आम्ही परत वर गेलो. दार ढकललं. आतोबा खिडकीशी उभे होते. त्यांच्या हातातला कप तिरपा होता आणि कुंडीत चहा पडत होता.

ते दचकले नाहीत. घाई करून उपयोग नाही हे कुलुपांच्या धंद्यात माणूस शिकतोच. त्यांनी कप सरळ केला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय चाललंय?" आत्या म्हणाली.

"उरला होता थोडा."

आत्यानं पुढे होऊन कुंडीत बोट घातलं, मातीचा वास घेतला. तिच्या नाकाला पुरावा लागत नाही, तरी घेतला. "थोडा नाही. अर्धा कप आहे. आणि आजचाच नाही. कधीपासून?"

आतोबांनी विचार केला. "झाड आणलं तेव्हापासून."

"आणि त्याआधी?"

"मोरीत."

मी दारातच उभी होते. आता स्फोट होणार या भीतीनं मी बॅग छातीशी धरली. इतकी वर्षं या माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती आणि चावी लागली तीही अशी.

"आवडत नाही तर तोंड उघडून सांगायचं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मला ते जास्त वाईट वाटलं.

"आवडतो की," आतोबा म्हणाले. "अर्ध्यापर्यंत फार आवडतो."

"आणि मग?"

"मग तो बोलतच राहतो. पाहुणा कसा, आला की बरं वाटतं, पण निरोप घेऊन पुन्हा दारात उभा राहून बोलायला लागतो, तसं. मी दिवसभर लोकांचं ऐकतो गं. सकाळचा चहा मला गप्प बसायला लागतो."

आतोबांनी एवढं लांब बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्यानं खुर्ची ओढली. बुटांसकट, खांद्यावरच्या पिशवीसकट ती बसली आणि मला म्हणाली, "किटलीत आहे ना अजून? दे मला."

मी कप भरून दिला. आत्यानं एक घोट घेतला, भुरका न मारता, साध्या माणसासारखा. चेहऱ्यावर समाधान. दुसरा घोट, तिसरा. अर्ध्यावर आल्यावर तिची भुवई हलली. तरी ती पीत राहिली. कप संपायला आला तसं तिनं तोंड असं वाकडं केलं की मला हसू दाबावं लागलं. शेवटचा घोट गिळायला तिला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"बरोबर आहे तुमचं," ती आतोबांना म्हणाली, पण सूर असा की जणू चूक त्यांचीच पकडली आहे. मग माझ्याकडे वळली. "कळलं का? आयुष्यभर मी चमचा ओढते आणि थुंकते. वरच्या खोलीत एकाही माणसानं कधी पुरा कप प्यायला नाही. आपण पहिल्या घोटाचा चहा करतो आणि विकतो मात्र अख्खा कप. दुसरं पाकीट कोण नेईल?"

दुसरी कोणी असती तर दोन दिवस अंथरुणात तोंड लपवून पडली असती. आत्या कारखान्यात गेली, मिश्रण खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपण इतकी वर्षं चुकीचं चाखत होतो. आजपासून बसून चाखायचं." चूक कबूल करतानाही तिनं हुकूमच सोडला. आणि मग तिनं वरच्या खोलीत खुर्च्या मागवल्या.

त्या खोलीत खुर्ची कधी नव्हतीच. आता मिश्रण खोलीतल्या बायका आळीपाळीनं वर येऊन बसायच्या, पुरा कप घ्यायच्या आणि आत्याच्या सक्त सूचनेप्रमाणे चहाविषयी सोडून बाकी सगळ्याविषयी बोलायच्या. कोणाच्या सासूचं दुखणं, कोणाच्या मुलाची परीक्षा. आत्या मध्ये बोलायची नाही, फक्त कोणाचा कप कुठवर आलाय ते बघायची. धाकटे मालक एकदा दारात येऊन थबकले. "चव बघायच्या खोलीत गप्पा?"

"लोक चहा गप्पांतच पितात," आत्या म्हणाली. "चमचा घेऊन कोणी बसत नाही."

काम मात्र सोपं नव्हतं. तेल कमी केलं की पहिल्याच घोटाला चहा पडेल लागायचा. एका सकाळी तर आतोबांनी कप संपवला आणि आत्याचा चेहरा उजळला, तेवढ्यात ते म्हणाले, "आज चहा करायचा राहिला वाटतं. गरम पाणी मीही घ्यायला लागलो तर काय." मी पळून खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून हसले. आत्यानं तो डबा त्याच दिवशी बाद केला.

आतोबा आता उरलेला चहा लपवत नसत. आमच्यादेखत खिडकीशी जाऊन ओतत आणि आत्या ओतलेली धार डोळ्यांनी मोजत असे. मग तिनं तेलाचा नाद कमी केला आणि वाळवलेली साल वाढवली, कारण साल आपला वास सावकाश सोडते. दालचिनीची पूड बंद करून तिच्या काड्या मोडून घातल्या, म्हणजे तिखटपणा तळाशी तळाशी येईल. आणि पत्तीच बदलली, जरा अंगानं दणकट घेतली, चहा चहासारखा लागावा म्हणून. कुंडीतली धार बारीक होत गेली. पण ती थांबली मात्र नव्हती.

मॅडम यायच्या त्या सकाळी आत्यानं शेवटचा नमुना घरी आणला होता. तिनं तो केला, कपात ओतला, आतोबांपुढे नेला आणि ठेवता ठेवता परत उचलला.

"आज तुम्ही नका पिऊ," ती म्हणाली.

आतोबांनी तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि गरम पाणी घेतलं. जिना उतरताना ती माझ्याशी बोलली, समोर बघत. "ह्यांनी आज घोटभर जरी ठेवला असता ना, तर माझा पाय कारखान्याकडे वळला नसता." आत्याला भीती वाटू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला, आणि रस्ता ओलांडल्यावर सोडवून घेतला.

मॅडम उंच, घाईच्या, आणि नव्या बुटांमुळे किंचित लंगडणाऱ्या. वर आल्या त्या उभ्यानंच. "चमचा कुठाय? मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

धाकट्या मालकांनी चमचा पुढे केला. आत्यानं तो मधल्या मध्ये काढून घेतला आणि अॅप्रनच्या खिशात टाकला. "बसा," ती म्हणाली.

"अहो, वेळ नाही."

"बूट चावतोय तुम्हाला. बसा आणि काढून ठेवा. इथं कोणी बघत नाही."

मॅडमनी मालकांकडे बघितलं, मालकांनी छताकडे. मग त्या बसल्या आणि खरंच बूट काढला. मी भरून दिलेले दोन कप आत्यानं समोर ठेवले. मॅडमनी पहिला उचलला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "वा." दुसरा उचलला, घोट घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. तो 'वा' अर्काच्या कपाला होता हे आम्हा तिघांना माहीत होतं. मालकांच्या चेहऱ्यावर दिवा लागला.

आत्या मात्र त्यांच्यासमोर बसली आणि विचारू लागली की बूट कुठून घेतले, टाच शिवून मिळते का, घरी कोण कोण. मॅडम सांगू लागल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच टेकल्या होत्या. मुलगी शिकायला दूर गेली आहे, रोज रात्री फोन करते पण बोलायचं असतं ते बोलत नाही, असं काहीबाही. बोलता बोलता त्यांचा हात कपाकडे जात होता. मी बघत होते, कुठल्या कपाकडे. मालकही बघत होते. आत्या एकटी बघत नव्हती, ती मुलीबद्दल विचारत होती.

थोड्या वेळानं मॅडमनी कप उचलून ओठाला लावला आणि त्यात काही नव्हतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. शेजारचा कप अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

"यातला तुमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

"रिकामा," आत्या म्हणाली.

मॅडम बराच वेळ हसल्या. मग बूट चढवत मालकांना म्हणाल्या, "हा पाठवा. आणि पहिल्या घोटाला जरा गप्प आहे, तर पाकिटावर लिहा की बसून प्या." मालक हो म्हणाले. जाताना त्यांनी तपकिरी बाटल्या खिशात घातल्या आणि दारातून मागे वळून म्हणाले, "बाई, खुर्च्या राहू देत." मिश्रण खोलीत आरडाओरडा झाला. मला तर आत्याला उचलून घ्यावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "पाकिटं वाढणार आता, जा, चिकटव."

संध्याकाळी आम्ही घरी आलो. लोक जिंकल्यावर बोलतात, ही घरात शिरल्या शिरल्या किटली घेऊन उभी राहिली. आतोबा दुकान बंद करून आले, हात धुतले, पेपर उघडला. आत्यानं त्यांच्यापुढे कप ठेवला. बूट घालायला जायचं नव्हतं, त्यामुळे तिला कुठं जावं ते सुचेना. शेवटी ती माझ्याशेजारी बसून धुतलेलेच टॉवेल पुन्हा घड्या करू लागली.

"काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?" आतोबांनी पेपरातून विचारलं.

"घेतला."

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले आणि पान उलटलं.

त्यांनी घोट घेतला. पान उलटलं. पुन्हा घोट. "कसा झालाय?" असं आत्यानं विचारलं नाही. घरात पेपराचा आवाज आणि टॉवेलांचा आवाज. मी कपाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

पेपर संपला तसे आतोबा उठले. जित्याची खोड, कप हातात घेऊन ते सरळ खिडकीशी गेले. आत्याचे हात थांबले. तिनं मान खाली घातली, आणि त्या क्षणी मला मॅडम, मालक, सगळ्यांचा राग आला, कारण त्यांनी पास केलेला चहा या एका माणसाला पुरा जात नव्हता. आतोबांनी कुंडीवर कप तिरपा केला.

काहीच पडलं नाही. त्यांनी तो आणखी तिरपा केला, मग पालथा केला, मग सरळ करून आत बघितलं. एखादं कुलूप न उघडताच उघडलेलं सापडावं तसे ते कपाकडे बघत उभे होते.

आत्यानं डोळ्यांना टॉवेल लावला, तो लगेच घडीत दाबून टाकला आणि आपल्या नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाली, "आता त्या झाडाला पाणी घालायला लागा. उगाच बिचारं मरेल."